टॉमी डग्लस : दवाखान्यासाठी लढलेली निवडणूक

(द्वितीय वर्ष, कला)

निवडणूक आली की आपल्या गावात रस्ता येतो, पाणी येते, समाजमंदिर येते. निदान भाषणात तरी येते. दवाखाना मात्र क्वचितच येतो, आणि आला तरी यादीच्या शेवटी, मंडपातली माणसे उठू लागल्यावर. म्हणून राज्यशास्त्राच्या तासाला जेव्हा प्रथम कळले की जगात एक निवडणूक केवळ दवाखान्याच्या प्रश्नावर लढवली गेली होती, आणि तीही देशातले बहुसंख्य डॉक्टर विरोधात उभे असताना, तेव्हा कुतूहल वाटले. ही निवडणूक 1960 साली कॅनडातील सस्कॅचेवान नावाच्या प्रांतात झाली. ती लढवणारा माणूस उंचीने बेताचा, अंगाने सडपातळ, एके काळचा छापखान्यातला कामगार, मुष्टियोद्धा आणि पाद्री होता. त्याचे नाव थॉमस क्लेमंट डग्लस. सारा देश त्याला टॉमी म्हणत असे.

टॉमीचा जन्म 20 ऑक्टोबर 1904 रोजी स्कॉटलंडमधील फॉल्कर्क येथे झाला. वडील लोखंडाच्या ओतशाळेत साचे करणारे कामगार. घर कष्टकऱ्यांचे, पण राजकारणावर कडाडून वाद घालणारे. लहानपणीच टॉमी पडला आणि त्याच्या उजव्या गुडघ्याला जखम झाली. जखम साधी वाटली, पण हाडात पू धरला. शस्त्रक्रिया झाल्या, पाय काही बरा होईना. 1910 च्या सुमारास हे कुटुंब नशीब काढायला कॅनडात विनिपेग शहरी आले, तर दुखणेही बरोबर आले. तिथल्या रुग्णालयात तो धर्मादाय खाटेवर पडला होता. पाय कापावा लागेल, असे डॉक्टरांनी आईवडिलांना सांगितले. खासगी तज्ज्ञाला दाखवण्याइतका पैसा घरात नव्हता.

तेव्हा असे झाले की एक नामांकित अस्थिरोगतज्ज्ञ आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन त्या वॉर्डात आले. हा रोगी त्यांना शिकवण्याच्या दृष्टीने उपयोगी वाटला. विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू दिली तर आपण फी घेणार नाही, असे त्यांनी आईवडिलांना कळवले. आईवडील कशाला नाही म्हणतील? पाय वाचला.

डग्लस पुढे आयुष्यभर ही हकीकत सांगत राहिले, पण ती सांगण्याची त्यांची तऱ्हा वेगळी होती. आपल्याकडे अशी गोष्ट त्या डॉक्टरांच्या देवमाणूसपणावर संपते. डग्लस यांनाही कृतज्ञता होतीच. परंतु त्यांचा प्रश्न असा असे की, त्या दिवशी ते तज्ज्ञ दुसऱ्या वॉर्डात गेले असते तर? आपला पाय राहिला तो योगायोगाने. शेजारच्या श्रीमंत मुलाचा पाय राहण्यासाठी असा योगायोग लागत नाही, हे त्यांच्या मनात रुतून बसले.

पहिल्या महायुद्धात कुटुंब पुन्हा स्कॉटलंडला गेले. ग्लासगोत टॉमीने शाळा सोडून बुचांच्या कारखान्यात काम धरले. 1918 च्या अखेरीस ते परत विनिपेगला आले आणि तो छापखान्यात उमेदवारी करू लागला. पुढच्याच वर्षी, 1919 मध्ये, विनिपेगमध्ये प्रचंड सार्वत्रिक संप झाला. 21 जूनला घोडेस्वार पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या, त्यात दोन माणसे मेली. चौदा वर्षांचा टॉमी एका इमारतीच्या छपरावरून ते पाहत होता. मुष्टियुद्धाचा नादही याच काळातला. ज्या पायावर तो उभा राहील की नाही याची शंका होती, त्याच पायावर उभे राहून 1922 साली त्याने मॅनिटोबा प्रांताचे लाइटवेट गटाचे अजिंक्यपद मिळवले.

1924 साली पाद्री होण्याच्या इच्छेने तो ब्रँडन कॉलेजात दाखल झाला. शाळा अर्धवट सुटलेली असल्याने आधी शालेय अभ्यासक्रम पुरा करावा लागला. म्हणजे आज माझे जे वय आहे त्या एकोणिसाव्या वर्षी तो पुन्हा शाळेच्या पुस्तकांकडे वळला होता. रविवारी आसपासच्या खेड्यांत प्रवचने करून तो खर्च भागवी. आमच्यासारख्या, घरातून प्रथमच कॉलेजची पायरी चढणाऱ्यांना यातले कष्ट वेगळे समजावून सांगायला नकोत. वक्तृत्व, नाटक, वादविवाद यांत तो चमकला. 1930 मध्ये पदवी मिळाली, इर्मा डेम्प्सी यांच्याशी विवाह झाला आणि सस्कॅचेवानमधील वेबर्न या छोट्या गावी धर्मोपदेशकाची जागा मिळाली.

येथून पुढे त्यांना अहोजाहो करणे योग्य.

सस्कॅचेवान म्हणजे कसा प्रांत, हे थोडे सांगितले पाहिजे. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक, आणि लोकसंख्या तेव्हा जेमतेम नऊ लाख. नजर पोहोचेल तिथवर गव्हाची सपाट शेते आणि थंडी हाडे गोठवणारी. घरे इतकी विखुरलेली की डॉक्टरला एका घरातून पोट भरणार नाही आणि शेतकऱ्याला डॉक्टर परवडणार नाही. या अडचणीतून तिथल्या लोकांनी आपापली वाट आधीच काढलेली होती. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सार्निया नावाच्या ग्रामीण पालिकेने कराच्या पैशातून वार्षिक मानधन देऊन डॉक्टर ठेवला होता. नंतर इतर पालिकांनीही तोच मार्ग धरला. अनेक गावांनी मिळून रुग्णालये बांधली. 1929 मध्ये क्षयाचे उपचार प्रांतभर मोफत झाले. डग्लस यांचे चरित्र लिहिणारे बहुतेक जण सारे श्रेय त्यांच्या एकट्याच्या पदरात घालतात, ते मला बरोबर वाटत नाही. बी त्या मातीत आधीच पडलेले होते.

डग्लस वेबर्नला आले आणि महामंदीने व अवर्षणाने तो प्रांत होरपळून निघाला. गव्हाचा भाव कोसळला, शेतांची माती वाऱ्याबरोबर उडून गेली. चर्चच्या तळघरात कपडे आणि अन्न वाटण्याचे काम हेच त्यांचे खरे उपदेशकार्य झाले. वेळेवर डॉक्टर न मिळाल्यामुळे किंवा पैसा नसल्यामुळे दगावलेल्या, घरी लहान मुले असलेल्या तरुण माणसांना त्यांनी स्वतःच्या हातांनी मूठमाती दिली. पाद्री म्हणून मृताच्या बायकोला ईश्वराची इच्छा असे सांगायचे, आणि मनात ठाऊक असायचे की ही इच्छा ईश्वराची नसून रिकाम्या खिशाची आहे! 1931 मध्ये एस्टेव्हनच्या कोळसा खाणीतील कामगारांचा संप झाला, तेव्हा त्यांनी संपकऱ्यांसाठी अन्नधान्य जमवून नेले. त्या संपात पोलिसांच्या गोळीबारात तीन कामगार ठार झाले.

याच काळातील एक गोष्ट गौरवलेखांत सहसा गाळली जाते. 1933 मध्ये एम. ए. पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधात डग्लस यांनी, मंदबुद्धी किंवा दुर्वर्तनी समजल्या गेलेल्या कुटुंबांवर नसबंदीसारखे उपाय सुचवले होते. त्या काळी हा विचार सुशिक्षितांत फॅशनसारखा पसरला होता, एवढे म्हणून ते सोडून देता येणार नाही. गरिबांचा कैवार घेणाऱ्या माणसानेच ते लिहिले होते. 1936 मध्ये त्यांनी जर्मनी डोळ्यांनी पाहिला. पुढे आरोग्यखाते त्यांच्या हाती आले तेव्हा सक्तीच्या नसबंदीच्या शिफारशी त्यांनी बाजूला सारल्या. मला तरी त्या प्रबंधापेक्षा हे नंतरचे आचरण महत्त्वाचे वाटते. पण प्रबंध लपवून चरित्र सांगू नये.

1932 साली स्थापन झालेला को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन, म्हणजे सी. सी. एफ., हा शेतकरी, कामगार आणि समाजवादी विचारवंतांचा पक्ष होता. डग्लस त्यात गेले. 1934 च्या प्रांतिक निवडणुकीत ते पडले, 1935 मध्ये वेबर्नमधून संसदेवर निवडून आले. सभेत लोकांना पोट धरून हसवायचे आणि हसता हसता मुद्दा गळी उतरवायचा, ही त्यांची हातोटी. एकदा सभेला व्यासपीठ नव्हते म्हणून शेतात खत पसरायच्या गाडीवर उभे राहून बोलले, आणि आज प्रथमच विरोधी पक्षाच्या व्यासपीठावरून बोलत असल्याबद्दल श्रोत्यांची माफी मागितली, असा किस्सा सांगतात. दर निवडणुकीत मांजरांनाच निवडून देणाऱ्या उंदरांची त्यांची गोष्ट तर कॅनडात पोराटोरांना माहीत आहे.

15 जून 1944 रोजी सस्कॅचेवानमध्ये सी. सी. एफ.ने 52 पैकी 47 जागा जिंकल्या. उत्तर अमेरिकेत समाजवादी विचारांचे सरकार प्रथमच आले. डग्लस मुख्यमंत्री झाले आणि आरोग्यखाते त्यांनी स्वतःकडे ठेवले. पहिले काम कोणते, तर प्रांताच्या आरोग्याची पाहणी करण्यासाठी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील वैद्यकाचे इतिहासकार हेन्री सिगरिस्ट यांना बोलावणे. आता आपल्या दृष्टीने विशेष असे की, हेच सिगरिस्ट त्याच 1944 सालाच्या अखेरीस भारतात आले होते, भोर समितीला सल्ला देण्यासाठी. नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर या समितीचे अध्यक्ष. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व या समितीने 1946 च्या अहवालात मांडले. एकाच वर्षी एकच तज्ज्ञ दोन ठिकाणी जाऊन आला. तिकडे एक मुख्यमंत्री अहवाल हातात घेऊन निवडणुकांमागून निवडणुका लढत राहिला. इकडे तो अहवाल आम्ही परीक्षेत टीप लिहिण्यापुरता वाचतो!

डग्लस यांनी एकदम सर्व काही जाहीर केले नाही, हे त्यांच्या कामाचे मर्म आहे. आधी वृद्ध निवृत्तिवेतनधारक आणि निराधार विधवा यांना मोफत उपचार मिळू लागले. कर्करोगाचे आणि मानसिक रोगांचे उपचार मोफत झाले. 1946 मध्ये स्विफ्ट करंट या भागात डॉक्टरांच्या सेवेची संपूर्ण योजना प्रयोग म्हणून सुरू झाली. 1 जानेवारी 1947 पासून सगळ्या प्रांतात रुग्णालय विमा आला : माणशी वर्षाला 5 डॉलर, कुटुंब कितीही मोठे असले तरी जास्तीत जास्त 30 डॉलर, आणि मग रुग्णालयात खाट, औषध, शस्त्रक्रियागृह यांचे बिल नाही. मात्र डॉक्टरची फी रोग्यालाच द्यावी लागे. लोकांना वाटले आता तेही लगेच होईल. परंतु डग्लस पैशाच्या बाबतीत मोठे चिकट. तिजोरीत नसलेल्या पैशाचे वचन द्यायचे नाही, हा त्यांचा स्कॉटिश बाणा. त्यांनी आणि अर्थमंत्री क्लॅरेन्स फाइन्स यांनी प्रांताचे कर्ज फेडत आणले. 1957 मध्ये केंद्राने कायदा करून रुग्णालय विम्याचा जवळपास अर्धा खर्च उचलायचे मान्य केले, तेव्हा प्रांताचा तेवढा पैसा मोकळा झाला. मगच, 1959 मध्ये, त्यांनी डॉक्टरी सेवेच्या सार्वत्रिक विम्याची घोषणा केली. त्यांनी पाच तत्त्वे सांगितली : खर्च आगाऊ भरलेला असावा, योजनेत सर्वांचा समावेश असावा, दर्जा उत्तम असावा, कारभार विधिमंडळाला जबाबदार अशा सार्वजनिक संस्थेकडे असावा, आणि योजना देणाऱ्यांना व घेणाऱ्यांना दोघांनाही मान्य असावी. या शेवटच्या तत्त्वावरच पुढे सारे रण माजले.

खरे म्हणजे 1943 साली कॅनडातील डॉक्टरांच्या संघटनेनेच आरोग्य विम्याच्या तत्त्वाला पाठिंबा दिला होता. मग सतरा वर्षांत काय बदलले? मंदीत रोगी फी देऊ शकत नव्हते, डॉक्टरांचीही उपासमार होत होती. सरकारने बिल भरले तर हवेच होते. 1960 पर्यंत दिवस पालटले. डॉक्टरांनी स्वतःच्या विमा योजना उभारल्या, त्या चांगल्या चालत होत्या. आता सरकार मधे नको झाले. याशिवाय आपण सरकारी नोकर होऊ, रोगी आणि डॉक्टर यांच्यामध्ये कारकून येऊन बसेल, ही भीतीही होती. ती सगळीच खोटी होती असे मी म्हणणार नाही. सरकारी कचेरीच्या खिडकीपुढे रांगेत उभे राहिलेल्या कोणालाही ती समजेल.

8 जून 1960 हा मतदानाचा दिवस ठरला. डॉक्टरांच्या संघटनेने प्रत्येक सभासदाकडून 100 डॉलर वर्गणी गोळा केली आणि एखाद्या राजकीय पक्षाप्रमाणे प्रचार सुरू केला. पत्रके वाटली, वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, रेडिओवर भाषणे केली. चांगले डॉक्टर प्रांत सोडून जातील, त्यांच्या जागी परदेशांतून भलतेसलते आणले जातील, स्त्रियांच्या नाजूक दुखण्यांच्या नोंदी सरकारी कचेरीत जातील, अशा अफवा घरोघर पोहोचल्या. ज्याच्या हातात आपली नाडी असते त्यानेच हे सांगितल्यावर सामान्य माणसाने काय करावे? आमच्या घरी अजूनही डॉक्टरांसमोर आजी खुर्चीवर बसत नाही, उभी राहते. अशा घरातल्या माणसाने डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध मत देणे म्हणजे काय, याची कल्पना मी करू शकतो.

डग्लस यांनी प्रचाराची दिशा बदलली नाही. मतदारांनी आपल्याला पुन्हा सत्ता दिली तर तो या योजनेला कौल समजला जाईल, हे त्यांनी आधीच स्पष्ट केले. माझ्या मते हेच त्यांचे सर्वांत मोठे धाडस. कारण चार बाबींच्या आड एक अवघड बाब लपवून निवडून यायचे आणि मागाहून ती पुढे काढायची, हा रिवाज काही फक्त आपल्याकडचा नाही. गावोगावच्या सभागृहांत ते तेच सांगत फिरले : शाळा जशी सर्वांची, रस्ता जसा सर्वांचा, तसा दवाखाना सर्वांचा. आणि गुडघ्याची ती जुनी हकीकत.

निकाल लागला. सी. सी. एफ.ला 37 जागा आणि स्पष्ट बहुमत मिळाले. मते मात्र सुमारे 41 टक्केच होती. उरलेली लिबरल, कॉन्झर्व्हेटिव्ह आणि सोशल क्रेडिट या पक्षांत विभागली गेली. म्हणून डॉक्टरांनी हा कौल मानला नाही. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी यावर जरूर वाद घालावा. मी एवढेच म्हणेन की निवडणुकीचे नियम डग्लस यांनी केले नव्हते, आणि याच नियमांनी लिबरल पक्षालाही पूर्वी अनेकदा सत्ता दिली होती.

1961 मध्ये सी. सी. एफ. आणि कामगार संघटना मिळून न्यू डेमोक्रॅटिक पार्टी स्थापन झाली. तिचे देशपातळीवरील नेते म्हणून डग्लस यांची निवड झाली. सतरा वर्षांनंतर त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. त्यांच्या जागी आले वूड्रो लॉइड, पूर्वाश्रमीचे शाळामास्तर, शांत आणि कमी बोलणारे. कायदा नोव्हेंबर 1961 मध्ये मंजूर झाला. वर्गणी एकट्याला 12 डॉलर, कुटुंबाला 24.

18 जून 1962 रोजी देशाची सार्वत्रिक निवडणूक झाली. योजना सुरू व्हायला अवघे तेरा दिवस उरले होते, हवा तापलेली होती. डग्लस रिजायना शहरातून उभे राहिले आणि पडले. ज्या प्रांताने त्यांना पाच वेळा सत्ता दिली, त्याच्याच राजधानीत! त्यांच्या सभांत आरडाओरडा झाला, नको ते बोलले गेले. योजनेसाठी जर कोणी रोख किंमत मोजली असेल तर ती त्यांनी.

1 जुलैला बहुसंख्य डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. ठरावीक रुग्णालयांत तातडीची सेवा तेवढी चालू होती. पहिल्याच दिवशी डॉक्टरांच्या शोधात मोटारीतून नेत असताना एक तान्हे मूल दगावले. सरकारने इंग्लंडहून डॉक्टर आणवले. काही गावांत नागरिकांनी सहकारी दवाखाने काढले. आमचे डॉक्टर राहू द्या, अशी मागणी करणाऱ्या समित्यांनी 11 जुलैला विधिमंडळासमोर मोर्चा नेला. हजारोंच्या हजारोंनी लोक येतील अशी अपेक्षा होती. आले चार-पाच हजार. संपाचा जोर तिथे ओसरला. ब्रिटिश आरोग्यसेवेच्या उभारणीत भाग घेतलेले डॉक्टर लॉर्ड टेलर यांनी मध्यस्थी केली आणि 23 जुलैला सस्काटून येथे समझोता झाला. डॉक्टर सरकारी नोकर झाले नाहीत. प्रत्येक तपासणीची फी त्यांना मिळत राहिली, ती फक्त योजनेकडून येऊ लागली. बुडीत बिल नावाची गोष्टच उरली नाही. ज्या भीतीपायी तेवीस दिवस संप केला ती खरी ठरली नाही. 1964 मध्ये लॉइड यांचे सरकार पडले, पण सत्तेवर आलेल्या लिबरल पक्षानेही योजना मोडीत काढली नाही.

त्याच वर्षी न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या आयोगाने साऱ्या देशासाठी अशीच योजना सुचवली. हा आयोग नेमला होता कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान डीफेनबेकर यांनी. कायदा 1966 मध्ये केला लिबरल पंतप्रधान पिअर्सन यांच्या अल्पमतातील सरकारने, आणि डग्लस यांचा पक्ष त्यांना टोचत होता. कायदा 1968 मध्ये अमलात आला. 1972 पर्यंत सर्व प्रांत त्यात आले. डग्लस स्वतः केंद्रात कधीही मंत्री झाले नाहीत. त्यांचा पक्ष दिल्लीसारख्या त्या ओटावात त्यांच्या हयातीत मागच्या बाकांवरच राहिला.

1962 च्या पराभवानंतर ते पोटनिवडणुकीतून संसदेत परतले. 1970 मध्ये क्विबेकमधील अपहरणांनंतर सरकारने आणीबाणीचा कायदा लावला. देश सरकारच्या बाजूने असताना त्यांनी नागरी स्वातंत्र्यासाठी विरोध केला. लोकप्रियता घटली, पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही. 1971 मध्ये पक्षनेतेपद आणि 1979 मध्ये संसद सोडली. पुढे कर्करोग जडला. 1984 मध्ये ओटावात त्यांना बसची धडक बसली, त्यातूनही ते उठले. 24 फेब्रुवारी 1986 रोजी त्यांचे निधन झाले. 2004 मध्ये कॅनडाच्या सरकारी दूरचित्रवाणीने सर्वश्रेष्ठ कॅनेडियन कोण, असा कौल घेतला तेव्हा लोकांनी पंतप्रधानांना आणि खेळाडूंना मागे टाकून डग्लस यांना निवडले.

1984 साली कॅनडाच्या संसदेने एकमताने आरोग्य कायदा संमत केला. योजनेच्या फीवर रोग्याकडून जादा पैसे घेणाऱ्या प्रांतांचे अनुदान कापण्याची तरतूद त्यात आहे. त्याविरुद्ध ओंटारियो प्रांतातील डॉक्टरांनी जून 1986 मध्ये संप पुकारला. तो पंचवीस दिवस चालला आणि फसला. डग्लस यांना जाऊन तेव्हा चार महिने होत आले होते.